जिवाणी

सकाळचा उजेड आक्काच्या स्वयंपाकघरात नेहमी उशिरा आणि थोडा वाकून येत असे. आधी तो साखर कारखान्याच्या धुराड्याच्या टोकाला लागे. तिथून उतरून उसाच्या तुऱ्यांवर काही वेळ रेंगाळे. मग नव्या कॉलनीच्या गच्च्यांवरच्या काळ्या टाक्यांना शिवे. आणि एवढ्या सगळ्यांना वाटून जो काही उरेल तो कौलांत बसवलेल्या एकुलत्या काचेतून चौकोनी होऊन फरशीवर पडे. गळिताचे दिवस असल्यामुळे काचेवर चिपाडांची जळकी काजळी साठलेली असे. तिचे ठिपके त्या चौकोनात उतरत, आणि चौकोन सरकू लागला की तेही त्याच्याबरोबर सरकत. बाहुबली पाटावर बसून, हातातला चहा निववत, रोज हे पाहत असे. चौकोन आधी फरशीच्या सांध्यावर यायचा, मग जात्याच्या कडेला, मग घासून लख्ख केलेल्या तांब्याच्या घागरीवर. घागरीवर आला की त्याचा चौकोनीपणा संपायचा. तो तांबूस, थरथरता होऊन समोरच्या भिंतीवर उडायचा, आणि भिंतीत एखादा ओला डोळा उघडल्यासारखा वाटायचा. त्र्याण्णव साली नदीकाठच्या गल्ल्यांतून काविळीची साथ आली तेव्हा याच जागी तो एकवीस दिवस अंथरुणावर पडून होता. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं असं सगळे म्हणत. त्याला तसं काहीच दिसलं नव्हतं. दिसला होता तो हा चौकोन, आणि तो होता तसाच पांढरा होता. पण कोणी भेटायला येऊन विचारलं की तो "होय, पिवळं दिसतं" असं सांगे. लोकांना हवं असलेलं उत्तर देऊन टाकलं की ते समाधानाने उठून जातात, हे त्याला वयाच्या अकराव्या वर्षी कळलं होतं.

आक्का म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. नात्याने आत्या, पण वडील आक्का म्हणत म्हणून तोही आक्काच म्हणू लागला, आणि पुढे कसबा बावड्यातली ती अख्खी गल्ली. वडील बिद्रीच्या कारखान्यात नोकरीला. शाळेसाठी पोराला इकडे ठेवलं ते आक्काजवळ. लग्नानंतर चार वर्षांत एकटी पडलेली ही बाई तीस गुंठे रान आणि त्यातली एक विहीर एवढ्यावर आयुष्य तोलून उभी होती. आता ती सत्तरीपलीकडे गेली होती आणि गुडघे धरून बसत-उठत होती. पण सकाळचं पाणी गाळायचं काम तिने कधी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही. घागरीच्या तोंडावर दुपदरी पांढरं फडकं, त्याला मधे बोटाने पाडलेला खळगा, आणि धार इतकी बारीक, की ती पडते आहे की नुसती उभी आहे ते कळू नये. सगळं पाणी गाळून झालं की फडकं उलटं धरायचं आणि त्यावर गाळलेलंच पाणी सोडून, त्यात जे काही अडकलं असेल ते अलगद एका पितळी तांब्यात उतरवायचं. हीच जिवाणी. डोळ्यांना न दिसणारे ते जीव ज्या पाण्यातले असतील त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत. दुसऱ्या पाण्यात ते जगत नाहीत, आणि मेले तर ते पाणी पिणाऱ्याच्या माथी. तांब्याच्या बुडालाही एक कडी होती. दोरीने तो सरळ खाली सोडायचा आणि पाण्याला टेकला की बुडाची दोरी ओढून उपडा करायचा, म्हणजे जिवाणी वरून आपटत नाही.

"हळू ने," तांब्या त्याच्या हाती देताना ती रोज म्हणे तसंच म्हणाली. "हिंदकळू नगंस. आणि घाई असली तरी वरनं वतू नगंस बाबा. माडीवरनं माणसाला ढकलल्यागत हुतंय ते."

"नाही आक्का."

"काल आयतवार. दोन दिसांचं एकदमच हाय ह्यात. वाट बघत बसली असतील बिचारी." मग पदराला हात पुसत, "आज काय ते तुमच्याकडं येणार हाय म्हणालतास?"

"टँकर. पुण्याहून. तिथल्या प्रकल्पातला गाळ घेऊन."

"गाळ? आणि हितं काय कमी गाळ हाय व्हय रं?"

"तो जिवंत असतो, आक्का. त्यात जीव असतात, घाण खाणारे. नव्या टाकीत आधी ते सोडावे लागतात. मग ते वाढतात आणि नाल्याचं पाणी निवळतं. दह्याला विरजण लावतात तसं."

आक्का त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग दात नसलेलं हसू तिच्या तोंडभर पसरलं. "म्हंजे सत्तर वर्सं मी येडी, आणि आता तुमची कंपनी बी जिवाणी घालाय लागली म्हणायची!"

तोही हसला. त्या हसण्याचा ओलावा तोंडात घेऊनच तो बाहेर पडला, तांब्या दोन्ही हातांत, उसाच्या कडेकडेने. ही वाट दोनशे पावलांची. वर्षापूर्वी ही सरळ आक्काच्या रानात जायची. आता मधे कंपनीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं हिरव्या पत्र्याचं कुंपण आणि फाटक. त्या फाटकातून आत जाण्याचा हक्क घरात फक्त त्याला होता, म्हणून रोज संध्याकाळी माणसं गेल्यावर घागर भरून आणणं, सुट्टीच्या रविवारची शनिवारीच, आणि सकाळी जिवाणी परत नेणं हे त्याच्याकडे आलं होतं. आपण नक्की कोण म्हणून आत जातो, कंपनीचा इंजिनिअर म्हणून की आक्काचा भाचा म्हणून, याचा त्याला फाटकाशी रोज क्षणभर संभ्रम पडे. आणि त्या क्षणाला तोंड फोडायला पिराजी तिथे उभाच असे. पिराजी म्हणजे जेसीबी आणि डंपरवरच्या माणसांचा मुकादम, आवाजाने दोन शेतं पलीकडचं माणूस थांबवणारा.

"आलं बघा सायेब तांब्या घिऊन!" पिराजी ओरडला. "आवो, कंपनीनं सारी झोपडपट्टी संडासात बसवली, आणि कंपनीचाच इंजिनेर रोज सकाळी तांब्या घिऊन रानात!"

दोघेतिघे हसले. बाहुबलीही, रोजच्याप्रमाणे, खाली पाहून. मग तो पाण्याच्या टाकीला वळसा घालून, दगडी सोलिंगवरून, पलीकडे गेला आणि थांबला.

विहीर नव्हती. तिथे सपाट जमीन होती. रोलरच्या चाकांच्या रुंद पट्ट्या त्या जमिनीवरून गेल्या होत्या, आणि धूळ बसावी म्हणून कोणी तरी तिच्यावर पाणीही मारलं होतं. ओली माती वाळताना पापुद्रे सोडते तसे बारीक पापुद्रे तिथे सुटू लागले होते. चुन्याच्या फक्कीने त्यावर एक लांबट आकृती आखलेली होती. रहाटाचा एक लाकडी खांब कुंपणाशी आडवा पडला होता. त्याला प्रथम वाटलं आपण चुकीच्या बाजूला आलो. तो मागे गेला, टाकीपासून पुन्हा पावलं मोजत आला, आणि तेवढ्याच पावलांनी तो त्याच सपाटीवर येऊन उभा राहिला. त्याच्या मनात दुःख आलं नाही, राग तर नाहीच. एक विचित्र सावधपणा आला: तांब्या हिंदकळू नये.

"झाली की न्हाय झ्याक?" पिराजी मागून आला होता. "काल दिसभर तीन डंपर पळीवलं. सत्तावीस खेपा खाल्ल्या बघा तिनं, तवा कुठं त्वांडाला आली. हितं हिरवळ करायची म्हणं, पावणं बसायला. नकाशात तसंच हाय." मग त्याची नजर तांब्याकडे गेली आणि आवाज एकदम उतरला. "सायेब... ही चालू व्हती व्हय? आमास्नी वाटलं पडीक हाय. तुमी संडासला... म्हंजे आमी आपली चेष्टा करायचो. कुणी सांगितलं न्हाय की वो."

"राहू दे," बाहुबली म्हणाला.

"न्हाय, पर कुणीतरी सांगाय नगं?"

कुणीतरी सांगायला हवं होतं. हे वाक्य तो प्रयोगशाळेकडे चालत जाताना मनात धरून राहिला, आणि ते वाक्य त्याला बरं वाटलं, कारण त्यात कुणीतरी होतं. साहेबांनी, प्रकल्पाच्या प्रमुखांनी, सांगायला हवं होतं. त्याने साहेबांना विचारलं होतं ना? गेल्या वर्षी, संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, ऑफिसात. त्याला सगळं आठवत होतं: टेबलावर पसरलेला नकाशा, त्याची टोकं दाबून धरायला ठेवलेली पेपरवेटं आणि एका टोकाला तिळगुळाचा डबा. आदल्या संध्याकाळी आक्का म्हणाली होती, "रान देतो मी. नदी निवळणार असंल तर देतो. तू पिवळा पडून पडलावतास तवा मी काय काय नवस केलं, मलाच ठावं. पर हीर र्‍हाणार असंल तरच. न्हायतर पाणी कुठलं पिऊ मी? नळाचं? आणि नळाची जिवाणी कुठं नेऊन घालू, धरणात? हीर गेली तर मला ह्या घरात र्‍हायला येणार न्हाय, सांगून ठेवतो." तो म्हणाला होता, "उद्या विचारतो." आणि दुसऱ्या संध्याकाळी येऊन, "राहणार म्हणाले." मग आक्काने कागदावर सही केली होती. सीमेवरच्या गावी कानडी शाळेत दोन इयत्ता शिकलेली ती, कानडी अक्षरांत, गोल गोल, एकेक अक्षर पाण्यात सोडावं तसं: शांतव्वा. तिचं हे नाव त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच लिहिलेलं पाहिलं. साहेबांनी मान हलवली होती. हो. ऑफिसात, नकाशावरच्या विहिरीच्या छोट्या वर्तुळावर त्याने बोट ठेवलं होतं आणि साहेबांनी मान हलवली होती. ती मान त्याला आत्ताही दिसत होती, कपाळावरच्या विभूतीच्या फिकट पट्ट्यांसह, वर आणि खाली.

प्रयोगशाळा म्हणजे दहा बाय बाराची एक खोली. खिडकीतून एका बाजूला वायुवीजनाची, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडायची, मोठी टाकी दिसे, अजून कोरडी, आणि दुसऱ्या बाजूला नाला आणि त्याच्या काठची वस्ती. काचेच्या बरण्यांच्या ओळीत त्याने तांब्या ठेवला. तिथे तो फार पितळी दिसला. चिमणाबाई फरशी पुसत होती. ती वस्तीतलीच, कंपनीने प्रकल्पावर घेतलेल्या बारा बायकांपैकी एक.

"ह्यो कुणाचा तांब्या, दादा?"

"आक्काचा."

"पुजंचा दिसतोय. मग हितं नगा ठिवू, हितं सारं गुवामुताचं तपासायचं असतंय." मग फडकं पिळता पिळता, स्वतःशीच बोलल्यासारखं, "लगीन हून आलो तवापास्नं त्या नाल्याच्या वासात जेवलो बघा मी. पंचवीस वर्सं. आता वास गेला तर भाकरीची चव नव्यानं कळंल म्हणत्यात. खरं हुईल का वो?"

"होईल," तो म्हणाला, आणि हे उत्तर तरी खरं आहे याचा त्याला आधार वाटला. ते खरंच होतं. आजवर शहराची घाण या नाल्यातून उघडी, फेसाळ, सरळ नदीत जात होती; आणि आता ती इथे थांबणार होती. कंपनीने वस्तीत संडास बांधले होते, कुंपणाच्या कडेने दीडशे कडुनिंब लावले होते, बायकांना पगारावर घेतलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी वाटायची छोटी पुस्तिका त्यानेच लिहिली होती, गुळगुळीत कागदावर, पर्यावरण आणि समाज या दोन भागांत. साहेबांना वाटे की जो इतकं कमी बोलतो तो नक्की चांगलं लिहीत असणार. पुस्तिकेच्या सहाव्या पानावर त्याचं एक वाक्य होतं: "परिसरातील जुन्या विहिरीचे जतन करण्यात आले आहे." हे वाक्य त्याने लिहिलं होतं, ते छापून आलं होतं, छापलेलं त्याने पुन्हा वाचलं होतं. ते खोटं असतं तर त्याने लिहिलं असतं का? की लिहिलं होतं म्हणूनच ते खरं वाटत आलं होतं? तो या दोन प्रश्नांच्या मधे उभा राहिला, जसा तो नेहमी कशाच्या ना कशाच्या मधे उभा राहत असे. त्याचं नाव ठेवताना वडिलांच्या डोळ्यांपुढे डोंगरावरची ती प्रचंड, निश्चल मूर्ती असावी. त्या बाहुबलीच्या पायांवर वारुळं चढली, अंगावर वेली चढल्या, आणि तो उभा राहिला. त्याच्या उभं राहण्याला तप म्हणतात. आपणही आयुष्यभर उभेच राहिलो. पण आपल्या उभं राहण्याला काय म्हणायचं?

चिमणाबाई गेल्यावर त्याने तांब्यातला एक थेंब काचपट्टीवर घेतला. हे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. आक्काच्या देवघरात डोकावून पाहिल्यासारखं वाटलं असतं. आज का केलं ते त्याला कळलं नाही. भिंगाखाली आधी नुसता पिवळसर उजेड दिसला, मग फडक्याचा एक तंतू, दोरखंडाएवढा, आणि त्या दोरखंडाच्या आडून काही तरी आलं. काचेचं असावं तसं पारदर्शक, पोटात एक हिरवा ठिपका, कडेने बारीक केस हलवत, घाईत पण न घाबरता, जणू त्याला कुठेसं जायचं होतं आणि तिकडची वाट त्याला नीट माहीत होती. ते उजेडाच्या कडेपर्यंत गेलं, वळलं, पुन्हा आलं. आक्काने सत्तर वर्षांत यांना एकदाही पाहिलं नव्हतं. ती फक्त धरून चालली होती की ते आहेत, आणि त्यांच्यासाठी ती रोज सकाळी वाकत आली होती. आणि तो, ज्याला ते दिसत होते, त्याला आता यांना न्यायला जागा नव्हती. थेंब कडेने सुकू लागला. त्याने घाईघाईने काचपट्टी पुन्हा तांब्यात धुतली आणि मग कितीतरी वेळ हात तसाच ओला ठेवून बसून राहिला.

टँकर दुपारी बाराला आला. प्रकल्पाचे प्रमुख संगमेश हिरेमठ साहेब त्याच्यापुढे मोटरसायकलवर, लग्नाच्या वरातीपुढे यावं तसे. साहेब सीमेपलीकडच्या गावचे. मराठी बोलताना कानडीचा हेल वाक्याच्या शेवटी हळूच डोकं वर काढी, आणि वयाने लहान कुणालाही ते "तमा" म्हणत, धाकटा भाऊ. त्यांनी स्वतः पाइप धरला. काळा, दाट, कढत वासाचा गाळ टाकीत कोसळू लागला, आणि टाकीच्या तळातले पंखे सुरू होऊन त्याच्यात बुडबुडे उठले तेव्हा साहेबांनी चप्पल काढून हात जोडले.

"बघ तमा," ते म्हणाले. "सगळ्यांना वाटतं आपण सिमेंटचं काम करतो. सिमेंट नुसतं भांडं. काम हे करणार, हे न दिसणारे. आपण फक्त हवा द्यायची आणि मारायचं नाही. पंचवीस वर्षं पूल बांधले मी, धरणाच्या भिंती बांधल्या. कधी असं वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा वाटतंय काही तरी जन्माला घातलं." त्यांचे डोळे खरोखरच ओले होते. "तू गप्प का? जेवलास का?"

तो बोलला. बोलला म्हणजे त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडले, आणि ते बाहेर पडताना त्याने ते ऐकले. "साहेब, विहीर बुजवली."

"कुठली?"

"पलीकडची. आक्काची. आत्याची माझ्या. चालू होती ती. आक्का त्याच विहिरीचं पाणी पिते. विहीर राहणार होती."

साहेबांच्या चेहऱ्यावरून आनंद एकदम उतरला नाही; तो तिथेच राहिला आणि त्याच्यावर गोंधळ चढला. "अय्यो. ती चालू होती? नकाशात नुसतं वर्तुळ होतं, मी म्हटलं जुना खड्डा. अरे पण दोन मीटर कुंपण आत घेतलं असतं, संपलं असतं की! हिरवळ काय, कुठेही होते. मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"मी विचारलं होतं, साहेब. गेल्या संक्रांतीनंतर. तुम्ही हो म्हणाला होता."

हे वाक्य इतकं सहज, इतकं शांत आलं, की त्याला स्वतःलाच आपल्या आवाजाचा भरवसा वाटला. साहेब टाकीकडे पाहत राहिले. त्या दिवसांत त्यांच्या आईचं आजारपण चालू होतं, गावाहून सारखे फोन यायचे, हे त्यांनाही आठवलं असावं आणि त्यालाही आठवलं. फोन. हो, फोन चालू होता. त्याने वर्तुळावर बोट ठेवलं होतं तेव्हा साहेबांच्या कानाशी फोन होता आणि ते मान हलवत होते. ती मान कुणाला होती? फोनमधल्या माणसाला की त्याला? पण त्याने बोट ठेवलं होतं. आणि बोलला होता. काय बोलला होता? तो नेमके शब्द शोधू लागला, आणि पाणी आटलेल्या तळाशी काही शोधावं तसं त्याच्या हाताला सगळं लागत गेलं, तिळगुळाचा डबा, पेपरवेटातला निळा बुडबुडा, पंख्याची कुरकुर, फक्त ते शब्द तेवढे लागले नाहीत.

"असेल," साहेब शेवटी म्हणाले. "असेल रे तमा. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा. आणि त्या पुस्तिकेत पण तू लिहिलंयस की, मी वाचून सही केली, तरी माझ्या डोक्यात आलं नाही. म्हणजे चूक माझीच. दुसऱ्या कुणाची नाही." त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "संध्याकाळी घरी येतो. पाया पडून माफी मागतो आक्कांची. असं कसं, इतक्या वर्षांचं पाणी बुजवायचं आणि निरोप पण द्यायचा नाही?"

नको, साहेब, असं त्याला म्हणायचं होतं. ते वाक्य तयार होतं, जिभेच्या मागे उभं होतं. पण साहेब परत पाइपाकडे वळले, आणि ती दुपार टाकीतल्या फेसासारखी हळूहळू वर चढत गेली. त्याने तापमान नोंदलं, प्राणवायू नोंदला. मधे एकदा तांब्या उचलून तो टाकीच्या कठड्यापर्यंत गेला. इथे हवा आहे, इथे हजारो आहेत, यांनाही हे ओळखीचे वाटतील. आणि आक्काला सांगता येईल, सोडली. पण काचेचा तो इवला जीव, ज्याला आपली वाट माहीत होती, त्याला या काळ्या खळबळीत सोडायचं म्हणजे नक्की कुठे सोडायचं? तो परत फिरला. पिराजीने ते लांबून पाहिलं आणि या वेळी तो काहीच बोलला नाही. आणि ते न बोलणं बाहुबलीला सकाळच्या चेष्टेपेक्षा जड गेलं.

साडेपाचला साहेब आले तेव्हा आक्का जेवायला बसली होती. दिवस मावळल्यावर ती अन्नपाणी घेत नसे. ताट बाजूला सारून ती उठू लागली तसे साहेबच खाली बसले, फरशीवर, चौकोन सकाळी जिथे पडतो त्याच जागी. बाहुबली दारात उभा राहिला, तांब्या हातात. आक्काने आधी तांब्या पाहिला. तो भरलेला आहे हे तिने हातात न घेताच ओळखलं.

"आक्का, चूक झाली," साहेब म्हणाले. "विहीर बुजवली काल. माझ्या माणसांनी. तुमच्या भाच्यानं मला वर्षापूर्वी विचारलं होतं, बजावलं होतं. मी हो म्हणालो आणि विसरलो. त्याच्यावर रागावू नका. तो बिचारा सकाळपासून तोंडात पाणी न घेता फिरतोय."

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. मग आक्काने हात पुढे करून एका ताटलीत साहेबांपुढे गुळाचा एक खडा ठेवला, आलेल्या माणसाला ठेवतात तसा.

"घ्या पावणं. माणूस इसरतो." तिचा आवाज सपाट होता. "तुमी नदीचं काम करतासा. लई मोठं काम. एवढ्यातेवढ्यात एखादी हीर माणूस इसरणारच. तुमच्यावर राग न्हाय. तुमी सोताहून आलासा, मोप झालं."

"दुसरी खोदून देतो. कंपनीच्या खर्चानं. उद्या माणूस लावतो."

"दुसऱ्या हिरीत ही कुठं जगत्यात?" ती तांब्याकडे पाहून म्हणाली, समजूत घालावी तशी. "तुमचा पुण्याचा गाळ इकडं येऊन जगंल, तो शिकलेला हाय. ही अडाणी हायत." ती किंचित हसली, आणि मग हसू तिथेच सांडून गेलं. "मी भावाकडं जातो, बिद्रीला. न्हायतर म्हायेरच्या गावाला. तिथं आड हाय अजून. हितं आता माझं पाणी र्‍हायलं न्हाय."

साहेब आणखी थोडा वेळ बसले, पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिले, आणि दारातून बाहेर पडताना त्यांनी बाहुबलीच्या पाठीवर थोपटलं, जणू दुखावलेला तोच होता. मोटरसायकलचा आवाज उसात विरून गेल्यावर घरात उरलेल्या उजेडाला रंग नव्हता. आक्काने त्याच्या हातून तांब्या घेतला, घागरीशेजारी ठेवला, त्याच्यावर तेच दुपदरी फडकं झाकलं, झोपलेल्या पोरावर टाकावं तसं. तिची घागर अर्धी होती. त्यात तिचं एक दिवसाचं पाणी होतं. मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"तू आलतास की मला सांगाय. त्या दिशी. र्‍हाणार म्हणाले म्हणून. तुझ्या सबुदावर सही केली मी."

"हो, आक्का."

"त्यो माणूस खोटं बोलणारा न्हाय दिसत. इसरला म्हणतोय, पर त्येच्या तोंडावर इसरल्यागत काय न्हाय. पयल्यांदा ऐकल्यागत हाय." मग ती त्याच्याकडे वळली. "तू इचारलंवतंस न्हवं?"

"हो," तो म्हणाला.

तिने मान हलवली, वर आणि खाली, आणि उरलेलं जेवण न जेवताच ताट उचललं. तो भिंतीपाशी उभा राहिला, जिथे सकाळी तो ओला डोळा उघडायचा. आता तिथे फक्त चुना होता. आणि त्या पांढऱ्या, कोऱ्या चुन्यावर, कुणी विचारलं नसताना, गेल्या वर्षीची ऑफिसातली ती दुपार सबंध उतरली, तिच्यातलं काहीच न गळता. साहेबांनी फोन ठेवला होता. पंखा फिरत होता. त्याचं बोट वर्तुळावर होतं, आणि साहेबांनी त्याच्याकडे मान वर करून, चष्मा काढून, पुरेसा वेळ थांबून विचारलं होतं, "काय रे तमा, काही म्हणायचंय?" आणि तो म्हणाला होता, "काही नाही, साहेब."

त्याने विचारलं नव्हतं.